‘योग्य वाटेल तें द्या’

जिल्ह्याच्या गांवीं एखाद्या शाळेच्या सभागृहांत चित्रांचें प्रदर्शन भरतें, तेव्हां तेथें जें घडतें तें आमच्या पाहण्यांत अनेकदां आलें आहे. आणि वाशीमला जें दिसतें तेंच अन्यत्रही दिसत असेल याविषयीं आम्हांस शंका नाहीं. उद्घाटन होतें, अध्यक्ष कलेची थोरवी सांगतात, मंडळी सहकुटुंब येऊन चित्रें पाहून जातात, आणि अभिप्रायाच्या वहींत ‘अप्रतिम’ हा शब्द पानोपानीं उमटतो. एखादा गृहस्थ मात्र एका चित्रापुढें जरा अधिक रेंगाळतो. चौकटीखालीं चित्राचें नांव असतें, पण किंमत नसते. तो भीत भीत विचारतो, “याचें काय द्यावें लागेल?” चित्रकार ओशाळतो, हात चोळतो आणि म्हणतो, “साहेब, आपल्याला योग्य वाटेल तें द्या.” आतां काय योग्य वाटावें हें त्या गृहस्थाला स्वतःलाच ठाऊक नसतें. थोडें सांगावें तर समोरच्याचा अपमान होईल, अधिक सांगावें तर खिशाला झेपणार नाहीं, अशा पेंचांत सांपडून तो “पुन्हां येतों” म्हणतो आणि निघून जातो. तो पुन्हां येत नाहीं. तिसऱ्या दिवशीं चित्रें जुन्या चादरींत गुंडाळून, ऑटोरिक्षांत घालून, आलीं तशीं घरीं परत जातात.

या एका वाक्याचें परीक्षण करावें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ग्रंथाचें परीक्षण होतें, नाटकाचें होतें, क्वचित् चित्राचेंही होतें; परंतु चित्र ज्या व्यवहारानें चित्रकाराच्या हातून रसिकाच्या भिंतीवर जातें, त्या व्यवहाराचें परीक्षण आमच्या नियतकालिकांत फारसें आढळत नाहीं. जणूं तो विषय अभिरुचीच्या कक्षेबाहेरचा! आमचें मत याच्या उलट आहे. चित्र कोण विकत घेतो, काय देऊन घेतो आणि विकणारा कोणत्या तोंडानें विकतो, यावर पुढचें चित्र निघणार कीं नाहीं हें अवलंबून असतें. ‘योग्य वाटेल तें द्या’ हें वाक्य दिसावयास विनयाचें असलें, तरी तें कलेला आणि कलावंताला सारखेंच घातक आहे, असें आम्हांस वाटतें.

हें वाक्य आलें कोठून? त्याचें मूळ राजाश्रयांत आहे, आणि राजाश्रयाचा एक थोर दाखला वाशीमकरांच्या अगदीं घरचा आहे. आजचें वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा प्रतापी राजा हरिषेण पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत राज्य करीत होता. त्याचा प्रधान वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळाव्या क्रमांकाचें लेणें कोरवून भिक्षुसंघास अर्पण केलें. तेथील संस्कृत शिलालेखांत वाकाटक राजांची नामावळी आहे आणि दात्याची थोरवीही आहे. ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नांवानें जगभर विख्यात झालेलें चित्र याच लेण्याच्या भिंतीवर आहे. पण ती भिंत कोणीं रंगविली हें मात्र त्या लेखांत नाहीं. प्रधानाचें नांव पंधराशें वर्षें टिकलें. ज्याच्या कुंचल्यासाठीं आज देशोदेशींचे लोक त्या डोंगरांत येतात त्याचें नांव कोणासही ठाऊक नाहीं.

याबद्दल वराहदेवाला दोष देण्याचें कारण नाहीं. दात्याला पुण्य हवें होतें, चित्रकाराला अन्न हवें होतें, आणि त्या व्यवस्थेंत दोघांचीही गरज भागत होती. ‘योग्य वाटेल तें द्या’ हें ज्याच्यापुढें म्हणावयाचें त्याच्यापाशीं राज्याचा खजिना असे, आणि हात सढळ ठेवण्यांत त्याची प्रतिष्ठा असे. आज तो प्रधान नाहीं, तो खजिनाही नाहीं. वाक्य तेवढें मागें उरलें आहे. तें आतां महिन्याच्या पगारांत घरभाडें, मुलांच्या शिकवण्या आणि औषधपाणी बसविणाऱ्या गृहस्थापुढें उच्चारलें जातें. राजापुढें जें आर्जव होतें तें या गृहस्थाला कोडें होऊन बसतें.

राजवाड्याबाहेरचें गिऱ्हाईक शोधण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवर राजा रविवर्मा यांनीं केला. ते मूळचे त्रावणकोरकडचे. संस्थानिकांसाठीं चित्रें काढण्यांत त्यांची बरीच हयात गेली. परंतु १८९४ सालीं त्यांनीं मुंबईस शिळाछापाचा कारखाना काढला, आणि पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेण्यांत आला. कमळांत उभी असलेली लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती, हीं चित्रें तेथून निघून सामान्य माणसाच्या देवघरापर्यंत पोंचलीं. दरबारांतील भिंतीवर जें लटकावयाचें त्याची प्रत दुकानांत मिळूं लागली, आणि चित्राला भाव विचारण्यांत कोणासही संकोच उरला नाहीं. हा लाभ थोडा नव्हे. परंतु कारखान्याचा हिशेब रविवर्म्यांना साधला नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला, आणि यंत्रांबरोबर चित्रें छापण्याचे हक्कही गेले. चित्रकाराची कीर्ति घरोघर पोंचत होती तेव्हां त्या कीर्तीचें उत्पन्न दुसऱ्याच्या गल्ल्यांत पडत होतें.

या कथेंतला धडा आजच्या चित्रकारानें पाठ करावा असा आहे. चित्र विकणें ही एक गोष्ट; तें छापण्याचा हक्क विकणें ही दुसरी. आपला प्रताधिकाराचा कायदा, म्हणजे लोक ज्याला कॉपीराइटचा कायदा म्हणतात तो, १९५७ चा आहे. त्याप्रमाणें चित्रकारानें आपल्या मनानें काढलेल्या चित्राच्या हक्काचा पहिला धनी तो स्वतः होय. चित्र विकलें तरी, लेखी करून दिल्यावांचून, छापण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षेंपर्यंत तो वारसांकडे चालतो. परंतु एखाद्यानें मोबदला देऊन ‘माझ्यासाठीं अमुक चित्र काढून द्या’ असें सांगितलें, तर उलट करार नसेल तेव्हां हक्काचा पहिला धनी तो पैसे देणारा ठरतो. हा दुसरा नियम आमच्या कलावंतांपैकीं किती जणांस ठाऊक आहे? एखाद्या पतपेढीच्या दिनदर्शिकेसाठीं चित्र काढून देणारा चित्रकार एका चित्राचे पैसे घेतो आणि नकळत हक्कही देऊन बसतो. कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या असत्या तर तो हक्क त्याच्या घरीं राहिला असता. पण ज्याला किंमत सांगण्याची लाज वाटते त्याला करार मागण्याचा धीर कोठून यावा?

दुसरी वाट चाकरीची. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिरले आणि विद्यार्थी, शिक्षक व अधिकारी या नात्यांनीं १९३१ पर्यंत तेथेंच राहिले. ती हकीकत त्यांनीं ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ या आपल्या ग्रंथांत सांगितली आहे. वेतनाचा आधार असल्यामुळें पोस्टकार्डांपासून पुस्तकांतील चित्रांपर्यंत बाहेरचें पुष्कळ काम त्यांनीं निश्चिंत मनानें केलें. आमच्या जिल्ह्यांतही चित्रकार म्हणून ज्यांना लोक ओळखतात त्यांतले कितीतरी शाळेंतले चित्रकला-शिक्षक आहेत. त्यांच्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु सर्वांना धुरंधरांचें भाग्य लाभत नाहीं. ज्याला शाळेंत जागा मिळाली नाहीं तो पाट्या रंगवितो, लग्नाच्या मंडपाची सजावट करतो, गणेशोत्सवापूर्वीं दोन महिने मूर्ती रंगवितो, आणि स्वतःचें चित्र दिवाळीच्या सुटींत काढीन म्हणतो. ती सुटी वर्षानुवर्षें लांबत जाते. चित्र विकलें गेलें नाहीं म्हणजे केवळ चार पैसे बुडाले असें नव्हे. त्याच्या पुढचें चित्र निघालेंच नाहीं, हें खरें नुकसान होय.

तिसरी वाट गिऱ्हाईक स्वतः घडविण्याची. मडगांवचे दीनानाथ दलाल मुंबईंत मुखपृष्ठें व पुस्तकांतील चित्रें काढून प्रसिद्धीस आले; पण त्यांनीं १९४५ सालीं ‘दीपावली’ हें स्वतःचें नियतकालिक काढलें आणि आपलीं चित्रें आपल्याच हातानें मराठी कुटुंबांपर्यंत नेलीं. बंगालच्या जामिनी राय यांनीं निराळी युक्ति केली. विलायती धाटणीची व्यक्तिचित्रें सोडून ते पटचित्रांच्या रेषेकडे वळले, एकच चित्र पुन्हां पुन्हां काढण्यांत त्यांनीं कमीपणा मानला नाहीं, आणि सामान्य घराला परवडेल अशी किंमत ठेवली. चित्र एकमेव असलें पाहिजे हा आग्रह धनिकाचा आहे, तें घरांत असलें पाहिजे हा आग्रह गृहस्थाचा आहे, हें त्यांनीं ओळखलें. या दोघांनाही राजा भेटला नाहीं. दोघांनींही आपला आश्रयदाता मध्यमवर्गांतून उभा केला. वाशीमच्या चित्रकाराला अनुकरणासाठीं हींच उदाहरणें जवळचीं आहेत.

कारण चौथी वाट, जिचें स्वप्न प्रत्येक तरुण कलावंत पाहतो, ती मुंबईच्या जहांगीर कलादालनाकडे जाते. हें दालन १९५२ सालीं उघडलें. तेथें आपलीं चित्रें लागावींत म्हणून अर्ज करून वर्षानुवर्षें वाट पहावी लागते. समृद्धि महामार्ग आतां आमच्या जिल्ह्यांतून जातो आणि मालेगांव जहांगीर या गांवाजवळूनच त्यावर चढतां येतें. पण एका जहांगीरपासून दुसऱ्या जहांगीरपर्यंतचें अंतर रस्त्यानें कमी झालें तरी चित्रकाराला तें तितकेंच दूर आहे. प्रवास, चौकटी, भाडें, राहणें यांचा खर्च आधीं, विक्री मागाहून, आणि तीही झाली तर. खाजगी दालनवाले किंमतीचा तिसरा हिस्सा, कधीं निम्माही, आपल्याकडे ठेवतात. त्यांचाही खर्च असतो. म्हणून तें अन्यायाचें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र तो हिस्सा धरून किंमत ठरविणें चित्रकाराला यावयास हवें.

मोठ्या लिलांवाच्या वार्तांनीं तर आमच्या तरुणांचे डोळे दिपून जातात. वासुदेव गायतोंडे नागपुरांत १९२४ सालीं जन्मले आणि २००१ सालीं वारले; दिल्लींतील एका लहानशा जागेंत त्यांनीं आयुष्याचीं अनेक वर्षें काढलीं. त्यांचें एक चित्र २०१३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या लिलांवांत सुमारें २३ कोटी ७० लक्ष रुपयांस गेलें. चित्रकार मेल्यावर बारा वर्षांनीं आलेला हा भाव चित्रकाराच्या कोणत्या उपयोगाचा? १९९४ च्या दुरुस्तीनें कायद्यांत एक चांगली तरतूद झाली आहे. मूळ चित्र पुढें दहा हजार रुपयांहून अधिक किंमतीस पुन्हां विकलें गेलें, तर हक्काचा पहिला धनी असलेल्या चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यांत वांटा मागतां येतो, आणि तो शेंकडा दहापर्यंत ठरूं शकतो. परंतु मागणाराच क्वचित् भेटतो. चित्र कोणाला, केव्हां, कितीला दिलें याची नोंदच जेथें नाहीं तेथें वांटा कोणत्या आधारावर मागावयाचा?

हा प्रश्न केवळ रंग आणि कापड वापरणारांचाच नव्हे. आमच्याच जिल्ह्यांत, मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें बंजारा समाजाचें श्रद्धास्थान आहे, आणि तेथें ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं बंजारा विरासत संग्रहालयाचें उद्घाटन झालें. आरसे, कवड्या, नाणीं बसवून बंजारा स्त्रिया जें भरतकाम करतात त्याची रंगांची जाण कोणत्याही चित्रकारानें शिकावी अशी आहे. तें जतन व्हावें हें योग्यच. परंतु अशा कामाखालीं सामान्यतः जमातीचें नांव लिहिलें जातें, बाईचें नांव क्वचितच असतें. अजिंठ्याचाच प्रकार पुन्हां घडतो. याच्या उलट डहाणूकडचे जिव्या सोमा म्हशे यांचें पाहावें. त्यांच्या वारली चित्रांखालीं त्यांचें स्वतःचें नांव आलें, २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली, आणि भिंतीवरची एक अनाम रीत जगानें माणसाच्या नांवानें ओळखली. नांव आलें म्हणजे भाव येतो. आणि भाव आला म्हणजे घरांतली मुलगी आजीकडून तो टांका शिकावयास बसते.

येथें आमचे कांहीं वाचक म्हणतील कीं, कला ही विकाऊ वस्तु नव्हे. तिला बाजारांत बसविलें कीं तिचें तेज जातें. या आक्षेपांत सत्याचा अंश आहे. गिऱ्हाइकाला रुचेल तेवढेंच काढणारा चित्रकार लवकरच तोच सूर्यास्त आणि तोच सात घोड्यांचा देखावा काढूं लागतो, हें आम्हीं पाहिलें आहे. परंतु तो दोष किंमत सांगण्याचा नव्हे. तो चित्र काढण्यापूर्वीं गिऱ्हाइकाचें तोंड पाहण्याचा आहे. चित्र काढतांना बाजार विसरावा, आणि चित्र पूर्ण झाल्यावर बाजाराला लाजूं नये. नाटकगृहाच्या खिडकीवर ‘योग्य वाटेल तें द्या’ अशी पाटी कोणीं पाहिली आहे काय? तिकिटाचा दर लिहिला म्हणून नाटकाचा रस उणा झाला असें कोणीं म्हटलें आहे काय? मग चित्रानेंच एवढें सोंवळें कां पाळावें?

तेव्हां चित्रकाराला आमचें सांगणें असें. किंमत आधीं ठरवावी आणि चित्राखालीं लिहावी. कापड, रंग, चौकट, भाडें व ने-आण यांचा खर्च मांडावा. त्यांत दिवसांची मजुरी मिळवावी, आणि तिचा दर गांवांतल्या कुशल गवंड्याच्या रोजाहून कमी धरूं नये. जी किंमत मुंबईंत तीच वाशीमांत, आणि जी कलेक्टरसाहेबांना तीच मामांना. घरीं निम्म्यानें दिलेलें चित्र दालनांतल्या पूर्ण किंमतीला खोटें पाडतें. मोठ्या चित्रांजवळ लहान रेखाचित्रेंही ठेवावींत, किंवा ठराविक प्रती छापून प्रत्येकीवर क्रमांक व सही घालावी, म्हणजे अल्प वेतनाचा रसिक रिक्त हस्तें जाणार नाहीं. प्रत्येक चित्राचें नांव, आकार, साल, किंमत आणि घेणाऱ्याचें नांव एका वहींत उतरवावें; किराणा दुकानदार उधारीची वही जितक्या काळजीनें ठेवतो तितक्या काळजीनें ही ठेवावी. आतां मोबाइलवर चित्र क्षणांत देशभर दिसतें, आणि लांबचें गिऱ्हाईक घरबसल्या भेटूं शकतें. पण तेथेंही चित्राखालीं ‘किंमतीसाठीं निरोप पाठवा’ असें लिहिलेलें आम्ही पाहतों, तेव्हां जुनेंच वाक्य नवा सदरा घालून आलें असें आम्हांस वाटतें. ज्याला दारांत विचारण्याचा संकोच होतो त्याला निरोप पाठविण्याचाही होतो.

आणि आतां वाचकांस, कारण दोषाचा मोठा वांटा आमच्याकडे, म्हणजे सुशिक्षित कुटुंबांकडे येतो. नव्या घराच्या फरशीसाठीं, दिवाणखान्याच्या पडद्यांसाठीं आम्ही दहा दुकानें हिंडतों. भिंतीवर मात्र कोठून तरी फुकट आलेली दिनदर्शिका लावतों. ओळखीचा चित्रकार असला तर ‘आमच्यासाठीं एखादें काढ कीं’ असें हंसत म्हणतों, आणि त्या हंसण्यांत किंमत बुडवून टाकतों. शिंप्याला कोणी असें म्हणत नाहीं. लग्नमुंजींत, वास्तुशांतींत भेट म्हणून चौथें घड्याळ देण्यापेक्षां गांवांतल्या चित्रकाराचें एखादें लहान चित्र कां देऊं नये? एकदम पैसे देणें जमत नसेल तर तसें सांगून तीन महिन्यांत द्यावे. त्यांत लाजेचें कांहीं नाहीं. ज्या घरांत मुलें एक खरें चित्र रोज पाहत वाढतात त्या घरांत अभिरुचीविषयीं वेगळें व्याख्यान द्यावें लागत नाहीं.

वत्सगुल्माच्या प्रधानानें एक लेणें कोरविलें आणि आपलें नांव दगडावर ठेवलें. आजच्या वाशीमच्या गृहस्थाकडून कोणी लेण्याची अपेक्षा करीत नाहीं. त्यानें एक चित्र घ्यावें, लिहिलेली किंमत द्यावी, आणि चित्रकाराकडून त्याच्या नांवाची सही असलेली पावती मागून घ्यावी. चित्रकारानेंही ती मान खालीं न घालतां द्यावी. योग्य काय तें दोघांनींही ठरविलेलें असलें म्हणजे ‘योग्य वाटेल तें द्या’ असें म्हणण्याची पाळी येणार नाहीं, आणि तिसऱ्या दिवशीं ऑटोरिक्षांतून परत जाणाऱ्या चादरींत निदान एक चित्र कमी असेल.